दोन हात जास्त

हळदीच्या यार्डात बत्तीस वर्षं मापाडी होतो,
त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली
की आधी मनगट बोलतं,
डोळ्यांची पाळी नंतर.

स्टेशन रोडच्या दुकानात सरकती दांडी होती.
निळी, ॲल्युमिनियमची, बटण दाबलं की लांब.
मनगट म्हणालं, हलकी आहे, घे.
तरी पुरी लांबवली, टोकाला दोन किलोचा धडा टांगला,
आणि ती कुरकुरली
सांध्यात.
जिथं सगळंच आधी कुरकुरतं.
पोरगा म्हणाला, काका, मासा काय धड्यासारखा लोंबकळतो का?
खरं आहे. मासा झटके देतो.
दांडी परत ठेवली.

जाळीसाठी भूपाल उपाध्येकडं गेलो, दोरखंडवाले.
दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस,
कांद्यालाही शिवत नाही.
सुतळी, कासरे, व्हॉलीबॉलची जाळी, पाळण्याचे दोर,
आणि मागच्या फळीवर, बिनपाटीचं, हे.
म्हणाला, कशाला पायजे ते सांगू नका,
भोक केवढं तेवढं बोला.
मी करंगळी पुढं केली.

गाठीचं नायलॉन नको.
गाठ खवल्यांना ओरबाडते,
आणि खवलं निघालेल्या जागी बुरशी धरते,
मग सोडलेला मासाही चार दिवसांचाच.
आम्ही बारके सोडतो.
एक मोठाही सोडला होता,
म्हणजे त्यानंच आम्हाला सोडलं.

तर बिनगाठीचं घेतलं, काळं, मऊ,
कोपरापर्यंत खोल.
उथळ जाळीतून मरळ उडी मारते
आणि आपण रिकाम्या कड्यातून नदी बघत बसतो.
कडं जुन्या बादलीच्या काठाचं.
बादली गळत होती, काठ शाबूत होता.

काठी राहिली.
हरिपूरच्या बेटातला मेस, भरीव, पेरं जवळजवळ,
दोन महिने सावलीत, मग जवसाचं तेल.
इथवर सगळं ठरलेलं.
लांबी किती, हे मात्र कुणी सांगेना.
कारण बंधाऱ्याचे बरगे बसवले की कृष्णा वर चढते,
काढले की दोन पायऱ्या खाली उतरते,
आणि उघडी पडलेली पायरी
शेवाळानं चकचकीत असते, गुळासारखी.

गेल्या माघात खवल्या लागला होता, हातभर.
दस्तगीर शिकलगार शेवटच्या पायरीवर उतरला,
आखूड जाळी, वाकला, आणि पाय सुटला.
मासा गेला. गुडघा गेला.
माशाबद्दल तो अजून बोलतो.

आता तो पाचव्या पायरीवर बसतो, पोत्याची घडी घालून,
तिथं बरं वाटतं म्हणतो, वारा येतो.
मी एका दुपारी एकटाच गेलो,
त्या घडीच्या जागी बसलो,
आणि पाण्यापर्यंत दोरी सोडली.
सात हात.
काठी नऊ हात कापली.

बघून म्हणाला, हा झेला कुणाचे आंबे काढायला?
म्हटलं, बरगे काढले की लागंल.
तो काही बोलला नाही.
एका बोटावर काठी आडवी धरली, सरकवत सरकवत,
तोल सापडला तिथं नखानं खूण केली.
मग खिशातली सुरी काढून
मुठीकडचं टोक गोल करत बसला,
चांगला तासभर.
धार लावण्यात जन्म गेलेला माणूस,
त्या दिवशी धार मारत होता.

अजून मासा आला नाही.
काल वाऱ्यानं दस्तगीरची टोपी पाण्यात गेली.
तरंगत चालली होती संगमाकडं, निवांत.
त्यानं बसल्या जागेवरनं,
न उठता,
काढली. पिळली. माझ्या हातात दिली,
किती?

दोन छटाक, म्हटलं.
ओली आहे म्हणून.